पेडल स्टील गिटार आणि तिचे वादक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही आपली हवाईयन गिटारच ना? फक्त पाय जोडलेली?

घराणं एकच, पण वाद्य वेगळं. हवाईयन गिटार आपल्या कानांना नवी नाही. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या धून ज्यांनी रेडिओवर ऐकल्या आहेत, त्यांना पोलादी दांडी तारेवरून सरकली की कसा आवाज येतो ते सांगावं लागत नाही. पेडल स्टीलसुद्धा आडवी ठेवूनच वाजवतात आणि डाव्या हातात तशीच दांडी असते. तिला वादक 'बार' म्हणतात.

फरक असा की हवाईयन गिटारवर बार सरकला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा मिळून सरकतात. जी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) जुळवून ठेवली, तीच कॉर्ड वर-खाली फिरते. पेडल स्टीलवर बार जागचा हलत नाही, बाकीचे स्वर स्थिर राहतात आणि त्यांच्यामधला एकच स्वर पायाच्या दाबाने मींड घेत दुसऱ्यावर जातो. अमेरिकेतल्या 'कंट्री' या लोकढंगाच्या गाण्यांत ऐकू येणारा तो हुंदका म्हणजे हेच. एक स्वर चालतोय आणि शेजारचे दोन थांबलेत, त्या घर्षणातून तो येतो. नुसत्या घसरणीतून येत नाही. या पानावरची बाकीची उत्तरं या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

दिसायला कशी असते? वाजवताना किती अवयव लागतात?

चार पायांवर उभी केलेली अरुंद, लांब फळी आणि तिच्यावर दहा तारा. पोकळ पेटी नसते, कारण आवाज तारांची कंपनं टिपणाऱ्या पिकअपमधून थेट अ‍ॅम्प्लिफायरला जातो. पुष्कळ वाद्यांवर दहा-दहा तारांचे दोन संच शेजारी-शेजारी असतात, त्याला डबल-नेक म्हणतात. पडदे नसतात, नुसत्या रेघा आखलेल्या असतात. सूर अचूक लागायचा तर बार बरोबर रेघेवर हवा आणि डोळा वरून सरळ हवा. तिरकं पाहिलं की बेसूर.

वादक समोर बसतो. उजव्या अंगठ्यात प्लास्टिकची नखी, पुढच्या दोन बोटांत धातूच्या नख्या. डाव्या हातात सुमारे पाऊण-एक इंच जाडीचा बार. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलवर. दोन्ही गुडघे खालून लोंबणाऱ्या लीव्हरांना डावीकडे, उजवीकडे, कधी वरच्या दिशेने ढकलतात. मान सोडली तर सगळं शरीर कामाला लागलेलं असतं. डबल-नेक वाद्य पेटीसकट तीस किलोच्या घरात जातं, त्यामुळे कार्यक्रमाआधीचा व्यायामही घडतो.

पेडल दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

वाद्य उलटं केलं की खाली दांड्यांचं आणि सळ्यांचं जाळं दिसतं. पेडल एक उभी दांडी ओढतं, ती आडवा दांडा फिरवते, त्यावरचा छोटा हात लांब सळई खेचतो आणि ती सळई तारेच्या टोकाला असलेल्या 'चेंजर'पर्यंत जाते. चेंजरमध्ये प्रत्येक तारेसाठी धातूचं एक बोट असतं. तार त्या बोटाच्या गोलसर माथ्यावरून जाते, म्हणजे घोडीही तेच. बोट एका बाजूला फिरलं की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. दुसऱ्या बाजूला फिरलं की स्वर उतरतो. किती चढायचा ते वाद्याच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या छोट्या चाकीने ठरवतात. म्हणजे तारा जुळवून काम संपत नाही. प्रत्येक पेडल आणि प्रत्येक लीव्हर दाबून तोही स्वर वेगळा जुळवायचा.

आजच्या बहुतेक वाद्यांत 'ऑल-पुल' रचना असते, म्हणजे स्वर चढवायचा असो वा उतरवायचा, सळई खेचलीच जाते. 1960च्या दशकात एमन्स कंपनीने 'पुश-पुल' नावाची, खेचणं आणि ढकलणं दोन्ही वापरणारी वेगळी रचना काढली. ती जुळवायला कटकटीची आहे, पण तिच्या आवाजावर जीव टाकणारे वादक आजही जुनी पुश-पुल शोधत फिरतात. हा हट्ट मला पटतो. पेडल न दाबता स्वर वाजवला की तो आवाज जास्त भरीव येतो.

'ई-नाइन्थ' म्हणजे काय? सरगममध्ये सांगता येईल का?

ई-नाइन्थ ही तारा जुळवण्याची एक पद्धत. सरगममध्ये सांगता येईल, आणि तसंच जास्त सोपं आहे. ई हा षड्ज माना. मग पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत तारा अशा लागतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. सगळ्यात उंच तार पहिली नाही, तिसरी आहे. पहिल्या दोन तारा मधल्या जागा भरण्यासाठी आहेत, त्यामुळे बार न हलवता जवळजवळ पूर्ण सप्तक वाजवता येतं.

आता पेडलं. ए पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. बी पेडल दोन्ही गंधारांना शुद्ध मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे बार जागचा न हलता पहिल्या कॉर्डवरून चौथ्या कॉर्डवर आलो. निम्मं कंट्री संगीत या एका हालचालीवर उभं आहे, असं म्हटलं तर वादक रागावणार नाहीत. सी पेडल वरच्या षड्जाला ऋषभावर आणि पंचमाला धैवतावर नेतं. बी आणि सी मिळून रे-म-ध, म्हणजे दुसरी, मायनर कॉर्ड.

गुडघ्यांपैकी एक लीव्हर षड्जाला अर्धा स्वर चढवतो, दुसरा त्याच षड्जाला निषादावर उतरवतो. षड्जच हलवायचा, हे आपल्याकडे पाप वाटेल. पण इथे षड्ज हा पाया नसून कॉर्डमधला एक स्वर आहे, आणि दुसरा कोणी तरी, बहुधा बेस गिटार, पाया सांभाळत असतं.

मग तीच कॉर्ड किती ठिकाणी मिळते?

जी मेजर घ्या. तिसऱ्या रेघेवर काहीही न दाबता मिळते. सहाव्या रेघेवर ए पेडल आणि षड्ज चढवणारा लीव्हर दाबून मिळते. दहाव्या रेघेवर ए आणि बी पेडल दाबून मिळते. वादकाचं शहाणपण या तीन घरांमधल्या प्रवासात दिसतं: कोणतं घर कधी सोडायचं आणि निघताना कोणता स्वर मागे ठेवायचा.

आणि सी-सिक्स्थ?

ही तारा जुळवण्याची दुसरी पद्धत: डबल-नेकवरचा दुसरा, सहसा वादकाच्या जवळचा संच. याच्या कॉर्ड भरगच्च असतात, त्यामुळे जॅझ आणि टेक्सासच्या वेस्टर्न स्विंगला (कंट्री आणि जॅझ यांच्या मिश्रणाला) तो शोभतो. यासाठी वेगळी पाचेक पेडलं असतात. नवशिक्याने सध्या इकडे बघू नये.

हे वाद्य कोणी शोधून काढलं?

एका माणसाचं नाव घेता येत नाही. सुरुवात हवाईत. ओआहू बेटावरच्या लाइए गावी 1874 मध्ये जन्मलेल्या जोसेफ केकुकूला पोलादाने गिटार वाजवण्याच्या पद्धतीचं श्रेय दिलं जातं. तो 1904 मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर तिथे हवाईयन संगीताची लाटच आली. 1930च्या सुरुवातीला रिकनबॅकरने विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आणली. गोल, लांब दांड्याची म्हणून तिचं टोपणनाव 'फ्राइंग पॅन'. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच. टेक्सासचे वेस्टर्न स्विंगवाले तिच्यावर तुटून पडले. बॉब डन आणि बॉब विल्सच्या बँडमधला लिऑन मॅकॉलिफ ही त्या काळची मोठी नावं.

अडचण एकच होती. तारा ज्या कॉर्डमध्ये लावल्या, तिच्याबाहेर पडणं कठीण. काहींनी बार तिरका धरायला सुरुवात केली, काहींनी एकाच वाद्याला तीन-चार संच बसवले. गिब्सनने 1940च्या आसपास 'इलेक्ट्राहार्प' नावाचं पेडलवालं वाद्य काढलं. पण तेव्हाचे बहुतेक लोक पेडल म्हणजे तारांची जुळणी पटकन बदलून घेण्याची सोय समजत. स्वर वाजण्याआधी पेडल दाबायचं, वाजत असताना नाही.

1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबीने स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी पेडल स्टील बनवली. बिग्सबी मोटारसायकलींच्या कारखान्यात काम केलेला माणूस, त्यामुळे सळ्या आणि सांधे हा त्याचा हातखंडा. अशाच बिग्सबी वाद्यावर बड आयझॅक्सने 1953 च्या अखेरीस गायक वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात तार वाजत असतानाच पेडल दाबलं. गाणं 1954 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि देशभरातल्या स्टीलवादकांना प्रश्न पडला, की बारने हा आवाज येतोच कसा? बारने येतच नव्हता. त्यानंतर ज्याच्याकडे पेडल नव्हतं त्याने ते कसंबसं जोडून घेतलं.

म्हणजे हँक विल्यम्सच्या गाण्यांत पेडल स्टील नाही?

नाही. कंट्री गायक हँक विल्यम्स 1 जानेवारी 1953 ला वारला. वर सांगितलेलं ध्वनिमुद्रण त्या वर्षाच्या अखेरचं. त्याच्या मागे वाजणारा डॉन हेल्म्स पेडल नसलेली स्टील वाजवत असे, उंच पट्टीत, धारदार. आवाजाला 'पेडल स्टील' म्हणण्याआधी ही तारीख लक्षात ठेवली की निम्मे वाद मिटतात.

बडी एमन्सचं नाव सगळे का घेतात?

कारण आजची पेडल स्टील जशी आहे, तिच्यात त्याचा हात सगळ्यात जास्त आहे. 1937 मध्ये इंडियाना राज्यात मिशावाका इथे जन्म. अठराव्या वर्षी लिटल जिमी डिकन्सच्या बँडमधून कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आला, पुढे अर्नेस्ट टब आणि रे प्राइस यांच्याकडे वाजवलं. आयझॅक्सचं एकच पेडल दोन स्वर एकदम हलवत असे. एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामुळे गंधार आणि पंचम स्वतंत्रपणे हलू लागले. आधी एक, मग दुसरा, किंवा एक चढताना दुसरा उतरताना. पहिल्या दोन 'भरीच्या' ताराही त्याच्याच.

जिमी डे या त्याच्याच तोडीच्या वादकाने हीच पेडलं उलट्या क्रमाने लावली. म्हणून आजही नवं वाद्य मागवताना विचारतात, एमन्स की डे? एमन्समध्ये डावीकडून ए-बी-सी, डेमध्ये सी-बी-ए. स्वर तेच, घोटा वळवण्याची दिशा वेगळी. एकदा पायाला सवय लागली की बदलत नाही, तेव्हा सुरुवातीलाच ठरवा.

एमन्सने 1957 मध्ये शॉट जॅक्सनबरोबर शो-बड ही कंपनी काढली, 1963 मध्ये बाहेर पडून स्वतःची काढली, आणि त्याच वर्षी न्यू यॉर्कला जाऊन पेडल स्टीलवर जॅझची तबकडी केली. 2015 मध्ये तो गेला. काही वादक त्याच्यापेक्षा वेगवान होते, काही जास्त गोड. पण वाद्य कसं असावं आणि ते कसं वाजवावं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाने देणं दुर्मीळ.

आणखी कोणाला ऐकावं?

इथे निःपक्षपाती राहणं मला जमणार नाही. पहिलं नाव लॉइड ग्रीन. गायकाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत किती थोडं वाजवावं हे त्याच्याकडून शिकावं. 1968 मध्ये बर्ड्‌स या रॉक बँडने नॅशव्हिलला जाऊन कंट्री तबकडी केली, त्यात तो आहे. त्याच तबकडीत जेडी मॅनेसही आहे.

मग राल्फ मूनी. हा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या गोटातला. नॅशव्हिलचा आवाज मखमली, तर मूनीचा कडक, टोकदार, उड्या मारणारा. नंतर वीसेक वर्षं तो वेलन जेनिंग्जबरोबर होता. बक ओवेन्सच्या बँडमधल्या टॉम ब्रमलीचा 1964 मधला 'टुगेदर अगेन' या गाण्यातला सोलो आजही वादक जसाच्या तसा शिकतात. इतका साधा वाटतो की शिकायला घेतल्यावरच त्यातली अडचण कळते.

पीट ड्रेक वेगळ्या कारणासाठी. तो वाद्याचा आवाज नळीतून तोंडात घेऊन शब्द 'बोलायचा'. ही 'बोलणारी स्टील' 1964 मध्ये गाजली. 1970 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्याला लंडनला बोलावलं, आणि रॉक गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनने तिथे ती नळी पाहिली. पुढे फ्रॅम्प्टनने ती रॉकमध्ये गाजवली. वेल्डन मायरिक, हॅल रग, कर्ली चॉकर यांना ओघात ऐका. आजच्या काळात पॉल फ्रँकलिन. 1991 मध्ये आलेल्या डायर स्ट्रेट्सच्या शेवटच्या स्टुडिओ तबकडीवर तोच आहे.

यातले पुष्कळजण स्टुडिओचे कामगार होते. नॅशव्हिलमध्ये तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी उरकायची, स्वरलिपीऐवजी कॉर्डचे आकडे लिहिलेला कागद समोर ठेवून. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं बहुतेकदा छापलीच जात नसत. म्हणून ज्यांचा आवाज लाखोंना पाठ आहे, त्यांची नावं फक्त स्टीलवाल्यांना ठाऊक असतात.

सगळ्यांनी पेडलं स्वीकारली का?

जेरी बर्डने नाही. तो ओहायोचा, बार तिरका धरण्यात त्याच्यासारखा कोणी झाला नाही. पेडलांची लाट आल्यावर नॅशव्हिलमधली कामं आटली, तरी तो वळला नाही. 1970च्या दशकात हवाईला राहायला गेला आणि तिथल्या तरुणांना त्यांचंच जवळजवळ विसरलं गेलेलं वाद्य शिकवू लागला. ओहायोचा माणूस हवाईच्या मुलांना हवाईयन गिटार शिकवतोय!

स्वर इतका लांबतो कसा?

व्हॉल्यूम पेडलमुळे. तार छेडताना वादक ते अर्धवटच उघडं ठेवतो. स्वर विरायला लागला की पाय हळूहळू पुढे दाबतो. वाद्याकडून येणारा आवाज कमी होतोय आणि पायाने वाढवलेला जास्त, म्हणून ऐकणाऱ्याला स्वर एकसारखा उभा वाटतो. नवशिके मात्र प्रत्येक स्वराला पाय हापसतात आणि गाणं हिंदकळतं. याच्या जोडीला तारा बंद करण्याचं काम आहे. तळव्याच्या कडेने किंवा नखीनेच आधीचा स्वर दाबून टाकावा लागतो, नाहीतर दहा तारांचा गोंगाट होतो. शिक्षक सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतात, आणि ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

ट्यूनर लावून जुळवली तरी बेसूर का वाटते?

ट्यूनर बारा सारख्या भागांचं सप्तक दाखवतो. त्यातला गंधार नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. पियानोवर हे खपून जातं. पण लांबणाऱ्या, स्थिर स्वरांच्या कॉर्डमध्ये ते कानात टोचतं. म्हणून बहुतेक स्टीलवादक गंधाराच्या तारा ट्यूनरच्या काट्याखाली उतरवून लावतात. तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधाराशी ज्यांचा कान जुळलेला आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

गुंता पुढे आहे. ए पेडलने मिळणारा धैवतही असाच उतरता लावला, तर त्याच धैवतावर उभी राहणारी सहाव्या रेघेवरची कॉर्ड सगळीच उतरते. मग तिथे बार रेघेच्या किंचित पुढे ठेवायचा. शिवाय पेडलांच्या दाबाने लाकूड अगदी थोडं वाकतं आणि न हलवलेल्या तारा उतरतात. यावर प्रत्येकाचा स्वतःचा तोडगा असतो.

हे फक्त कंट्रीतच वाजतं का?

नाही. अमेरिकेतल्या 'हाउस ऑफ गॉड' या कृष्णवर्णीय चर्चमध्ये 1930च्या दशकापासून स्टील ही प्रार्थनेचं वाद्य आहे. ऑर्गनची जागा तिने घेतली. रॉबर्ट रँडॉल्फ तिथूनच पुढे आला. त्यांची स्टील रडत नाही, ओरडते, आणि लोक नाचतात. नायजेरियात किंग सनी अडेने जुजू संगीतात पेडल स्टील आणली. सुझन अल्कॉर्नने कंट्री बँडमधून सुरुवात करून ती मुक्त, प्रायोगिक संगीतात नेली. तिचं वाजवणं ऐकलं की हे वाद्य अजून निम्मंच वापरलं गेलं आहे असं वाटतं.

गोव्यात, वसईत घरोघरी जिम रीव्ज वाजायचा. त्यात ही असेल?

फारशी नाही. 1950च्या उत्तरार्धात नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी शहरी श्रोत्यांसाठी फिडल आणि स्टील मागे सारून व्हायोलिनचे ताफे आणि कोरस पुढे आणले. रीव्जची गाजलेली मऊ गाणी त्याच साच्यातली. म्हणजे आपल्याकडे सर्वांत लाडका झालेला कंट्री गायक नेमका स्टील बाजूला ठेवलेल्या काळातला.

भारतात बसून शिकता येईल का?

येईल, पण वाद्य मिळवणं हीच मोठी पायरी. नवं व्यावसायिक वाद्य हजारो डॉलरचं, वर वजनामुळे वाहतूक महाग. सुरुवातीला एकच संच, तीन पेडलं आणि चार लीव्हर असलेलं घ्यावं. त्याहून कमी लीव्हरांचं स्वस्त मिळालं तरी टाळा, कारण जवळजवळ सगळे धडे तीन-चारच्या हिशेबाने लिहिलेले असतात. हवाईयन गिटार वाजवत असाल तर बार धरणं आणि कंपन देणं आधीच येत असेल. पाय मात्र शून्यापासून.

माझी तिसरी तार सारखी तुटते. वाद्यात दोष आहे का?

बहुधा नाही. ती सर्वांत उंच लावलेली आणि सहसा 0.011 इंच जाडीची असते. त्यात बी पेडल तिला दर दुसऱ्या मात्रेला ताणतं. चेंजरच्या बोटाच्या माथ्यावर तारेचा चर पडला असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. एवढं करूनही तुटत राहिली, तर सगळे वादक करतात तेच करा: नुसत्या तिसऱ्या तारांचं पाकीट मागवून ठेवा आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती बदला.